शेठच्या जॅकला खडू

गाडीखाली जाण्याआधी तो चपला काढायचा. दोन्ही जोडून, टाचा भिंतीला लावून, मशिदीबाहेर ठेवाव्यात तशा.

नट कधी दातात धरायचा नाही. बशीत ओळीने मांडायचा, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.

चहा उभ्याने. जेवण मात्र मांडी घालूनच, मग गिऱ्हाईक कितीही हॉर्न वाजवो.

कुणी “होऊन जाईल” म्हटलं की विचारायचा, “कोण करेल?”

बायकोला, रुकय्याभाभीला, नावाने हाक मारायचा नाही. पान्याने पत्र्याच्या पिंपावर दोनदा टकटक करायचा. ती आतून तव्यावर एकदा उलथनं आपटायची. म्हणजे ऐकलं.

नवी वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायचा. माझं पेन, माझं घड्याळ, एकदा माझं बी.ए.चं सर्टिफिकेटसुद्धा. “मागे काही नाही,” म्हणाला आणि परत दिलं.

सदऱ्याच्या खिशात शाळेतला पांढरा खडू असायचा.

खैरुद्दीनभाय आता दुबईत नाही. चार महिने झाले. मेला नाही, त्याला घालवला. ज्यांनी घालवला ते सगळे माझ्याच गावचे आहेत, रोज भेटतात, सलाम करतात, “काय मुश्ताक, बरा आहेस ना?” विचारतात. मी बरा आहे म्हणतो. अजून मला नीट कळलेलंच नाही की एक माणूस इतक्या लवकर इथून पुसला कसा गेला.

आमचं गाव बाणकोटच्या खाडीवरचं. गावातली चाळीसेक माणसं आज दुबईत आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त कमरुद्दीनशेठने आणली; तोंडावर सगळे त्याला चाचा म्हणतात. इथे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज तो करतो, बोटीवर घ्यायला तो येतो, पहिला महिना जेवण त्याच्या घरचं. मलाही त्यानेच आणलं. रत्नागिरीहून मराठी घेऊन बी.ए. झालो, गावात पहिलाच. शेठने एका माल उतरवणाऱ्या कंपनीत कारकून म्हणून चिकटवला आणि गावच्या जमातीची, म्हणजे इथल्या गावकऱ्यांच्या मंडळाची, पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याला मी नावं ठेवणार आहे.

खैरुद्दीनभाय माझ्या आधी बारा वर्षं आला होता, १९५३ साली. भायखळ्याच्या गॅरेजात शिकलेला. इथे एका ठेकेदाराच्या ट्रकांवर लागला. त्या गॅरेजात त्याने एक बलुची कामगार मरताना पाहिला. ट्रक जॅकवर होता, जॅक हळूहळू बसला, कुणाच्या लक्षात आलं नाही. ठेकेदाराच्या मुनशीने मयत उचलायच्या आधी विचारलं, ट्रक कधी तयार होईल.

“मी त्याला काय सांगितलं माहीत आहे?” खैरुद्दीनभाय मला म्हणाला होता.

“काय?”

“संध्याकाळी. संध्याकाळी तयार होईल, असं सांगितलं. आणि केला.”

एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. त्याचा राग पहिल्यांदा स्वतःवरचा होता. मग तो जगातल्या सगळ्या जॅकांवर गेला.

त्या दिवसापासून खडू. कुठलाही जॅक घेण्याआधी तो गाडी उचलायचा. गाडीच्या खाली दोन बोटं जागा सोडून लोखंडी घोडी लावायचा, म्हणजे जॅक बसला तरी गाडी घोडीवर अडावी. मग बंपरच्या उंचीला शेजारच्या खांबावर खडूची रेघ मारायची आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजाला जायचं. वुजूचं हात-पाय धुणं, नमाज, परत. बंपर रेघेवर असला तर जॅक चांगला. रेघेखाली आला तर पंपातलं वॉशर गेलं आहे, तेल मागे पळतं आहे, तो जॅक घ्यायचा नाही. गावातल्या कुणालाही जॅक घ्यायचा असला की खैरुद्दीनभायला घेऊन जायचे. तो काय बघतो ते मी इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. गाडीच्या वजनापेक्षा निदान अर्धा टन जास्त उचलणारा हवा. खाली इतका बसणारा हवा की टॅक्सीच्या पोटाखाली जाईल, आणि वर इतका जाणारा की लँडरोव्हरचं चाक सुटेल. वरची वाटी रुंद हवी, कडेला दात असलेली. दांडी फिरवली की गाडी पाळण्यातल्या पोरासारखी उतरली पाहिजे, धपकन नाही. आणि रंग नवा असेल तर दुप्पट संशय घ्यायचा.

“रंग कशाला लावतात?” तो विचारायचा. “लोखंडाला लाज वाटते म्हणून?”

रुकय्याभाभी दोन वर्षांपूर्वी आली. गावच्या बायका तेव्हा इथे फारशा यायच्या नाहीत. खैरुद्दीनभायने हट्टाने आणली. ठेकेदाराचं काम सुटलं तर परवाना सुटेल, परवाना सुटला तर भाभीला परत जावं लागेल, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याला स्वतःचं गॅरेज हवं होतं. घराला लागून, छोटं, दोन गाड्या मावतील एवढं.

कमरुद्दीनशेठने जागा दिली. दुबईतल्या नाईफ मोहल्ल्यात, त्याच्या गोदामामागे. खजुरीच्या झावळ्यांची एक खोली राहायला, तिच्या बाजूला तशीच शेड. परवान्याच्या कागदावर जामीन म्हणून नावही शेठचंच. खैरुद्दीनभायने ठेकेदाराचं काम सोडलं. शेडमध्ये त्याने आधी सिमेंटची जमीन केली, कारण ट्रॉली जॅकला चाकं असतात आणि गाडी वर जाताना जॅकने थोडं पुढे सरकावं लागतं. वाळूत तो सरकत नाही, तिरका होतो आणि गाडी घसरते. आठ दिवस भाभीने त्या सिमेंटवर पाणी मारलं. तिच्या हातांना भेगा पडल्या.

“तुमच्या भायला जॅकसाठी फरशी,” ती मला म्हणाली, “आणि मला चुलीपुढे वाळू.”

“पुढची फरशी तुझी,” तो आतून म्हणाला.

“सिमेंट शिल्लक आहे का?”

“नाही.”

“मग पुढची कसली?”

सगळं जमलं होतं. पाने होते, घोड्या त्याने स्वतः वेल्डिंग करून घेतल्या होत्या. एक चांगला जॅक तेवढा नव्हता. देऱ्याच्या बाजारात त्याने चार बघितले होते आणि चारही सोडले होते. शेठचं सुट्या भागांचं दुकान होतं. तेलाच्या शोधात आलेल्या कंपन्या जुना माल लिलावात काढायच्या, शेठ तो घ्यायचा, धुऊन रंगवून विकायचा. शेठ म्हणाला, “बाजारात कशाला फिरतोस? जॅक माझ्याकडून. उद्घाटनाला घेऊन येतो.”

आमच्यात एक रीत आहे. गावच्या मोठ्या माणसाने दिलेली वस्तू तपासत नाहीत. दोन्ही हातांनी घ्यायची, डोक्याला लावायची, मुबारक म्हणायचं. विकत दिलेली असली तरी. ती घरी नेऊन फुटकी निघाली तर फुटकी वापरायची. याला आम्ही अदब म्हणतो.

शुक्रवार होता. शेडमध्ये चटया घातल्या. फातिहा झाली, साखर वाटली, भाभीने सरबत केलं. पंधरा-वीस माणसं होती. इद्रीसची पिकअप पहिली गाडी म्हणून आत आणून ठेवली होती. इद्रीस खोरावरून, म्हणजे दुबईच्या खाडीवरून, किराणा वाहायचा आणि तोंडाने गावातला सगळ्यात मोकळा. मग शेठचा माणूस जॅक ढकलत घेऊन आला. लालभडक. दांडीला जरीची फीत.

खैरुद्दीनभायने दोन्ही हातांनी दांडी घेतली. डोक्याला लावली. मुबारक म्हणाला. मग फीत सोडून व्यवस्थित घडी घालून शेठच्या हातात दिली, जॅक पिकअपखाली सरकवला आणि पंप मारला. गाडी वर गेली. लोकांनी माशाल्ला म्हटलं. त्याने घोडी लावली, दोन बोटं सोडून. आणि खिशातून खडू काढला.

मी त्याच्याजवळ उभा होतो. मी हळूच म्हणालो, “भाय, आज नको.”

“का?”

“चाचांचा माल आहे.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. तोही हळूच बोलला, पण मजेत. “चाचांच्या मालाला सूट दिली तर लोक म्हणतील, चाचांचा माल सूट देऊन घ्यावा लागतो. एकदा रेघेवर राहू दे. मग बघ, सगळा नाईफ त्यांच्या दुकानात जातो की नाही.”

मी हे शब्दाला शब्द लिहितो आहे, कारण नंतर जमातीत म्हणाले की त्याने शेठचा अपमान करायचं आधीच ठरवलं होतं. त्याने रेघ मारली ती मान राखायला. त्याला वाटलं, सगळ्यांसमोर पास होण्यासारखा दुसरा मान नाही. इतकी वर्षं आमच्यात राहूनही त्याने आम्हाला ओळखलं नव्हतं.

अजान झाली. “यल्ला, नमाजाला जाऊ,” तो म्हणाला. “आल्यावर बघू.” सगळे गेलो. शेठ पुढे होता. मी पूर्ण नमाजभर त्या खांबाचा विचार करत होतो. गुनाह असेल तर माझा.

परत आलो. बंपर रेघेखाली होता. पुरती दोन बोटं. गाडी घोडीवर टेकली होती.

मग इद्रीस म्हणाला, “आपण मशिदीत गेलो, तर माझ्या गाडीने इथेच वाकून रुकू केला.”

हसू फुटलं. एक-दोन नाही, सगळे हसले. मीही. शेठ त्या वेळी माझ्याकडे बघत होता.

“वॉशर बदललं की होईल,” शेठ म्हणाला.

“कोण करेल?” खैरुद्दीनभायने विचारलं. सवयीने. मग सावरून म्हणाला, “म्हणजे, तुम्ही सांगत असाल तर मीच करतो, चाचा. वॉशर द्या. बदलल्यावर चांगला चालेल. बाकी जॅक मजबूत आहे.”

“मी विकलेला माल दुरुस्तीला परत घेत नाही, खैरू.”

“मग मी करतो म्हणालो ना.”

“म्हणजे मी खराब विकला.”

खैरुद्दीनभायने जॅक गाडीखालून ओढून काढला. त्याने तिथे थांबायला हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी काहीतरी चढताना पाहिलं. त्याने जॅक उलटा केला, खालचा जुना रंग बघितला, आणि विचारलं, “चाचा, या लिलावातले असे अजून किती विकलेत?”

शेठने जरीची फीत खिशात घातली आणि निघून गेला. सरबत तसंच राहिलं.

उत्तर मला माहीत होतं. सात. बिलं मीच लिहिली होती, दर गुरुवारी त्याच्या दुकानात बसून. सातही आमच्याच माणसांना. बाहेरचा माणूस तपासून घेतो, आपला घेत नाही, म्हणून वाईट माल आपल्याकडेच येतो. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

मी त्याच संध्याकाळी खैरुद्दीनभायला सात नावं सांगितली. तेवढं एक मी बरं केलं.

पुढचं काम मात्र वाईट केलं. जमात बसली. कुणी ओरडलं नाही. सगळे म्हणाले, पोरगा चांगला आहे, हात चांगला आहे, जीभ सांभाळायला हवी. ठरलं की खैरुद्दीनने माफीचं पत्र द्यायचं, शेठ ते वाचेल, खलास. पत्र कुणी लिहायचं? मुश्ताकने. तो शिकलेला आहे.

मी लिहिलं. माझी सगळी विद्या ओतली. अपमानाचा हेतू नव्हता, शेठ पित्यासमान आहेत, हे तर लिहिलंच. आणि शेठच्या माणसाने सुचवलेलं एक वाक्य सजवून घातलं. जॅकमध्ये कोणताही दोष नव्हता, जमीन मऊ असल्याने चाक रुतले व गाडी खाली बसली.

खैरुद्दीनभायला मराठी वाचायला वेळ लागायचा. त्याने बोट ठेवत वाचलं. भाभी दाराशी उभी होती.

“सुंदर लिहिलंयस,” तो म्हणाला. “जमीन मऊ?”

मी पेनाचं टोपण काढून परत लावलं.

“आठ दिवस हिने पाणी मारलंय तिच्यावर. बघ हात तिचे. दाखव गं त्याला.”

“दाखवायचे कशाला, त्याने पाहिलेत,” भाभी म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

“माफी मागतो मी,” खैरुद्दीनभाय म्हणाला. “लोक हसले त्याची. पाय धरायला सांगा, धरतो. चाचांनी मला जागा दिली, मी विसरलेलो नाही. पण हे वाक्य काढ. हे वाचून ते सात जण उद्या निवांत गाडीखाली जातील.”

“एक वाक्य आहे, भाय. तुमची जागा जाईल. परवाना जाईल. भाभींना परत जावं लागेल.”

“बलुच्याच्या वेळी पण मी एकच शब्द बोललो होतो.”

त्याने माझं पेन घेतलं. यावेळी उलटं करून बघितलं नाही. त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली. मी ते पत्र तसंच नेऊन दिलं. ते वाक्यच नसलेलं दुसरं करून नेलं असतं तर? तीन रात्री हाच विचार केला. स्वतःवरचा तो राग अजून कमी झालेला नाही.

शेठने पत्र वाचलं, घडी केली, म्हणाला, “त्याची मर्जी.” आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी गोदामाला जागा कमी पडू लागली. तिसऱ्या दिवशी परवान्यावरचा जामीन मागे गेला. इद्रीस सोडून एकाही माणसाने गाडी आणली नाही. इद्रीसने आणली ती नीट चालणारी, तेल बदलून घ्यायला, आठवड्यात दोनदा.

“तेल काय पितोस का?” खैरुद्दीनभायने त्याला विचारलं.

“तुम्ही जेवायला घालणार असाल तर पितो.”

मुंबईची बोट अकरा दिवसांनी होती. लोक मला म्हणायचे, अल्लाची मर्जी, रिझक, म्हणजे रोजी, जिथे लिहिलेली तिथे. मी एकदा म्हणालो, मर्जी अल्लाची असेल, वॉशर कमरुद्दीनशेठचं होतं. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच काही फोडलं होतं.

त्या अकरा दिवसांत खैरुद्दीनभायने सामान बांधलं नाही. ते भाभीने बांधलं. तो सकाळी खडू आणि एक घोडी इद्रीसच्या पिकअपमध्ये टाकायचा आणि त्या सात जणांपैकी एकाच्या दारात जाऊन उभा राहायचा. सगळ्यांची घरालगत अशीच छोटी कामं. कुणी टॅक्सी स्वतः दुरुस्त करतो, कुणी शेजाऱ्यांच्या. पहिल्याने दार उघडलं नाही. खैरुद्दीनभाय उन्हात बसून राहिला, असरपर्यंत. शेवटी आतून त्या माणसाची बायको म्हणाली, बघू दे ना, बघितल्याने काय झिजतं. जॅक बसला. दोन बोटं. त्या माणसाने पत्नीला आत जायला सांगितलं आणि जॅक कोपऱ्यात ढकलला.

दुसरा ठीक निघाला. तिसरा बसला. चौथ्याने शिव्या दिल्या, मग स्वतःच गाडी उचलली, मग बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. त्याचा तर घोडीवर टेकेपर्यंत बसला होता. पाचवा ठीक. खराब निघालेल्या तिघांना खैरुद्दीनभायने वॉशर कसं बदलायचं ते दाखवलं, वॉशर मिळेपर्यंत लाकडाचे ठोकळे रचून दिले, आणि सांगितलं की जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरायला घोडी. तिघांपैकी एकानेही जमातीत तोंड उघडलं नाही.

उरले दोन. शारजाचा नूरुद्दीन आणि रस-अल-खैमाच्या वाटेवर पंक्चर काढणारा रफिक. दहाव्या दिवशी तो शारजाला निघाला. भरतीचं पाणी खाऱ्या चिखलावर आलं होतं, पिकअप रुतली, दुपारी परत यावं लागलं. अकराव्या दिवशी बोट सकाळी सुटली. बोटीकडे नेणाऱ्या लाँचमध्ये चढताना भाभीने मला सलाम केला. तो मला एवढंच म्हणाला, “नूरुद्दीन लँडरोव्हरवर काम करतो. वजन जास्त. आधी तिथे जा.”

मी गेलो. पुढच्याच शुक्रवारी, घोडी घेऊन. नूरुद्दीन लँडरोव्हरखालून बाहेर आला, हात पुसले, चहा दिला. कशाला आलो ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुला यातलं काय कळतं? शेठची चिठ्ठी घेऊन ये, मग लाव रेघ.” आणि परत गाडीखाली गेला. गाडी लाल जॅकवर होती. खाली घोडी नव्हती. मी आणलेली घोडी तिथे ठेवून आलो. ती त्याने लावली की नाही, मला माहीत नाही.

रफिककडे अजून कुणी गेलेलं नाही.